ओळी काढून टाकल्यावर: प्रकल्प नोंदी

१७ जानेवारी २०२५, सोलापूर

गड्ड्याची, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची, गर्दी ओसरली, ग्रंथालयात पुन्हा माणसं दिसायला लागली. आजच्या बैठकीत माझा विषय एकदाचा मंजूर झाला. खर्च म्हणजे झेरॉक्स, डीटीपी आणि चहा. कार्यक्रम मार्चमधल्या एखाद्या शनिवारी.

करायचं ते असं. निरनिराळ्या भाषांतले, निरनिराळ्या काळांतले दहा-बारा उतारे घ्यायचे. काही गद्य, काही पद्य. सगळे एकाच टाइपात, एकाच मापात, या समासापासून त्या समासापर्यंत सलग छापायचे. ओळ तोडायची नाही, मजकूर मधोमध घ्यायचा नाही, लेखक-कवीचं नाव द्यायचं नाही. मग ते मोठ्यानं वाचायचे आणि ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं: गद्य की पद्य.

अध्यक्ष म्हणाले, "यातनं सिद्ध काय होणार?" सिद्ध काहीच होणार नाही, मला बघायचंय, असं सांगितलं. बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं. कविता ओळखायला ती कधी वाचावी लागली नाही, गॅली, म्हणजे तपासायचा कच्चा छाप, हातात येताच लांबूनच कळायची, कारण उजवीकडे पांढरं उरलेलं असायचं. पानात जागा उरली की "एखादी कविता टाका" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याचा हिशेब नाही. त्या पांढऱ्यावर माझा जुना राग आहे.

२३ जानेवारी

भिंतीवर लावायच्या चित्रांची यादी केली. आधी वाटलं होतं, जुन्या जगात पद्य सलग लिहायची रीत फक्त आपल्याकडे. आपल्याकडे ती आहेच. घरोघरच्या पोथ्या काढून बघा, हाताने लिहिलेल्या असोत नाहीतर आडव्या छापाच्या. ओव्या एकीला लागून एक धावतात, मध्ये दोन दंड आणि आकडा. पान संपतं तिथे ओवी मध्यातच मोडते आणि पुढच्या पानावर जाते. पारायण करणाऱ्याला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

पण बाहेरही तेच. ग्रीक कवी तिमोथिओस याच्या 'पर्शियन' या काव्याचा इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातला पपायरस १९०२ मध्ये इजिप्तमध्ये सापडला. त्यात कवितेच्या ओळी पाडलेल्याच नाहीत, रुंद स्तंभात गद्यासारखं लिहून काढलंय. पुढे अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी अशा गीतांचे चरण पाडायची पद्धत घातली. म्हणजे ओळ पाडणं हे संपादकाचं काम, आमच्या जातीचं.

जुन्या इंग्रजीतलं 'बेवुल्फ' घ्या. ३,१८२ ओळी म्हणून ते आज छापलं जातं, पण साधारण हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या एकुलत्या एका हस्तलिखितात तशी एकही ओळ नाही. चामड्याच्या पानावर काठापासून काठापर्यंत मजकूर. १७३१ च्या आगीत कडा करपल्या आणि काठावरची अक्षरं पुढे झडत गेली. चरणवार लिहिलं असतं तर उजवीकडे मोकळी जागा राहिली असती आणि काही अक्षरं तरी वाचली असती, असा एक मुद्रितशोधकी विचार मनात आला. कागदाला किंमत असते तिथे पांढरं कोण सोडतंय!

२९ जानेवारी

गाथासप्तशतीचा दिवस. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह. त्यातली दुसरी गाथा घेतली, कारण ती प्राकृत कवितेचीच बाजू घेऊन भांडते:

अमिअं पाउअकव्वं पढिउं सोउं अ जे ण आणंति । कामस्स तत्ततत्तिं कुणंति ते कहं ण लज्जंति ॥

प्राकृत काव्य म्हणजे अमृत. ते ज्यांना वाचता येत नाही, ऐकता येत नाही आणि तरी जे प्रेमाच्या तत्त्वाच्या गप्पा मारतात, त्यांना लाज कशी वाटत नाही?

टाइप करून मात्रा मोजायला बसले. लघूला एक, गुरूला दोन. गाथेचा हिशेब ठरलेला: पहिल्या अर्ध्यात १२ आणि १८, दुसऱ्या अर्ध्यात १२ आणि १५. "अमिअं पाउअकव्वं": चार, चार, चार, बारा. छान. "पढिउं सोउं अ जे ण आणंति": अठरा. "कामस्स तत्ततत्तिं": बारा. शेवटचा तुकडा मोजला तर सोळा. पुन्हा मोजला, सोळा. बोटांवर, मग पेन्सिलीने, मग चहा करून आल्यावर. सोळाच.

पुस्तक उघडलं तर तिथे "कह" आहे. "कहं" मी लिहिलं. 'कसं' असा अर्थ डोक्यात होता म्हणून बोटांनी अनुस्वार आपणहून दिला. अनुस्वार काढला, गुरूचा लघू झाला, पंधरा भरले.

शेजारच्या गद्य उताऱ्यात मी अशा किती चुका करून ठेवल्या असतील? तिथे सांगणारं कुणी नाही. गाथा दीड-दोन हजार वर्षं टिकली त्यात या बारा-अठरा-बारा-पंधराचा वाटा मोठा आहे. मात्रा म्हणजे आत बसवलेला मुद्रितशोधकच, आणि बिनपगारी.

आणखी एक टिपून ठेवते: या गाथेत अंत्ययमक म्हणावं असं काही नाही. "आणंति", "लज्जंति" असा शेवट जुळतो तो क्रियापदाच्या रूपापुरता. इतर गाथांत तेही नसतं.

६ फेब्रुवारी

कन्नडच्या बाई आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, आवाज अजून वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा. बसवण्णांचं वचन त्यांनी सुचवलं: श्रीमंत शिवालय बांधतील, मी गरीब काय बांधू? माझे पायच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. आणि शेवट:

कूडलसंगमदेवा केळय्या, स्थावरक्कळिवुंटु जंगमक्कळिविल्ल.

हे कूडलसंगमदेवा, ऐक: स्थावराला नाश आहे, जंगमाला नाश नाही.

वचन या शब्दाचा अर्थच मुळी बोललेलं. बारावं शतक. ना गण, ना मात्रा, ना ठरलेलं यमक. बसवण्णा काही काळ इथनं जवळच मंगळवेढ्याला होते आणि आमचे सिद्धरामेश्वर, ज्यांच्या यात्रेची धूळ अजून माझ्या चपलेवर आहे, तेही वचनकार. त्यामुळे सोलापुरात हा उतारा परका नाही.

मी म्हटलं, हे गद्याच्या रकान्यात टाकू या. बाई चिडल्या. "गद्य? मग मल्लिकार्जुन मन्सूर गातात ते काय, गद्य गातात?" वचनकार अक्कमहादेवींचं 'अक्क केळव्वा' त्यांनी तिथेच टेबलावर ताल धरून म्हणून दाखवलं. ग्रंथपाल वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत राहिले.

मग आम्ही दोघींनी शेवटचं वाक्य दहादा म्हणून बघितलं. स्थावरक्कळिवुंटु, जंगमक्कळिविल्ल. तराजूची दोन पारडी. पण हा तोल छंदाने दिलेला नाही, व्याकरणाने दिलाय. दोन्हीकडे तीच चतुर्थी, तोच "अळिवु", फक्त शेवटी एकीकडे 'आहे' आणि एकीकडे 'नाही'. कुणीही बोलता बोलता असं वाक्य करू शकतो, आणि तरी शतकाशतकात एखादंच होतं.

ठरलं: वाचायचं, गायचं नाही. बाईंनी मान्य केलं, पण "गायला लागले तर थांबवायचं नाही" या अटीवर.

११ फेब्रुवारी

मराठीची सुरुवात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, ते लीळाचरित्र. गद्य. आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० ला, ज्ञानेश्वरी. ओवी. दोन्ही जवळपास एकाच पिढीतल्या.

लीळाचरित्र मोठ्यानं वाचताना गंमत होते. वाक्यं अगदी छोटी. कुणी आलं, कुणी काही विचारलं, मग "सर्वज्ञें म्हणीतलें", सर्वज्ञ म्हणजे स्वामी. हे दोन शब्द इतक्या वेळा येतात की पाचव्या-सहाव्या वेळी कान त्यांची वाट बघतो. धृपदासारखं. म्हाइंभटांना कविता करायची नव्हती. त्यांना स्वामींचा शब्द जसा होता तसा ठेवायचा होता आणि त्यासाठी ते आठवण सांगणाऱ्या माणसांकडे फिरले. छंदात बसवताना शब्द इकडचा तिकडे करावा लागतो, ती सवड त्यांनी स्वतःला दिली नाही. गद्य म्हणजे नुसतं छंद नसलेलं लेखन, ही माझी जुनी समजूत इथे सैल झाली. इथे गद्य जाणून-बुजून पत्करलंय, साक्ष नोंदवण्यासाठी.

समोर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय:

माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंहि पैजा जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥

अक्षरं मोजली: ११, ११, ८, ४. पुढची ओवी मोजली तर आकडे वेगळे. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. या आखूड चौथ्या चरणावरच तर सगळी मजा आहे: तीन पायऱ्या वर चढायचं आणि एकदम सपाट जमिनीवर पाय टेकायचा. मेळवीन. ज्ञानेश्वर स्वतःच अठराव्या अध्यायात म्हणतात की आपली ओवी गायली तर मिरवते आणि न गाताही रंग दाखवते. प्रकल्पाच्या परिपत्रकावर टाकायला याहून चांगलं काय मिळणार, पण मग लोकांना उत्तर आधीच फुटेल.

गाथेचा पाढा इथे चालत नाही. ओवीत अनुस्वार उडाला तर छंद सांगणार नाही.

१४ फेब्रुवारी

संस्कृत पंडित दंडीची व्याख्या सापडली, काव्यादर्शातली: "अपादः पदसन्तानो गद्यम्". ज्याला पाद नाहीत अशी पदांची माळ, ते गद्य. पाय नसलेलं. दंडीच्या लेखी गद्य-पद्य दोन्ही काव्यच, फक्त एकाला पाय आहेत आणि एकाला नाहीत.

पण याच दंडीच्या नावावरच्या दशकुमारचरितात सातव्या उच्छ्वासात एक कथेकरी आहे, त्याचे ओठ प्रेयसीच्या दातांनी दुखावलेत. म्हणून तो आपली अख्खी गोष्ट प, फ, ब, भ, म न वापरता सांगतो. प्रकरणभर. गद्यात! कुठलं वृत्त इतकं छळतं? संध्याकाळी मराठीत एक वाक्य असं करून बघितलं, "मी" म्हणतानाच अडखळले.

(आणि बाणभट्टाच्या गद्यकथेचं नाव आपण मराठीत आणि बाई कन्नडमध्ये अख्ख्या प्रकारालाच देऊन टाकलं, कादंबरी. हे कार्यक्रमात सांगायचं.)

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, ग्रंथालय बंद. घरी पानिपतची ती सांकेतिक चिठ्ठी उतरवून घेतली. पाठभेद बरेच आहेत, मी शाळेत शिकलेला घेतला: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. सावकारी पत्र. लिहिणाऱ्याला रूपक करायचं नव्हतं, बातमी लपवायची होती. यादीत घातली. मोडीत असेल तर तिथे शब्दही तोडलेले नसतात, आधी आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची. ओळींचं तर सोडाच.

२४ फेब्रुवारी

उर्दू शाळेतल्या सरांकडे गेले. माझा सगळा सिद्धांत ऐकून घेतला आणि हसले. "तुमचं पद्य सलग असेल, आमचं नाही." फारसी-उर्दू लिहिताना शेराचे दोन मिसरे, म्हणजे ओळी, आमनेसामने, मध्ये रिकामी जागा. पानावर एक पांढरी पट्टी वरून खाली उतरते. वाचता न येणाऱ्यालाही कळतं की ही शायरी आहे. मान्य. "जुन्या जगात सगळीकडे सलग" हे वाक्य वहीत खोडलं.

मग त्यांनी फारसी कवी सादीचं गुलिस्तान काढलं. १२५८ सालचं. म्हणजे म्हाइंभट-ज्ञानेश्वरांच्या आधीच्याच पिढीत शिराजला बसून हा माणूस गद्याच्या मध्ये शेर पेरत होता. सुरुवातीचं गद्य सरांनी वाचलं:

हर नफ़से कि फ़रो मी-रवद मुमिद्द-ए-हयात अस्त, व चून बर मी-आयद मुफ़र्रिह-ए-ज़ात.

आत जाणारा प्रत्येक श्वास आयुष्य वाढवतो, बाहेर येणारा जिवाला सुख देतो. म्हणजे एका श्वासात दोन देणग्या, आणि प्रत्येकीचे आभार मानायचे. हयात, ज़ात. गद्य आहे, पण यमक लखलखीत. आणि श्वासाचं वाक्य बरोबर श्वासाच्या मापाचं आहे: "हयात अस्त"पर्यंत आत, "ज़ात"पर्यंत बाहेर. सरांनी हे मुद्दाम छातीवर हात ठेवून दाखवलं.

म्हणजे यमक हीसुद्धा पद्याची खूण नाही. गाथेत नसतं, इथे आहे.

निघताना सरांनी ग़ालिबच्या पत्रांचं पुस्तक दिलं. त्यातलं एक वाक्य त्यांनी पाठ म्हटलं, की मी अशी लिहिण्याची तऱ्हा काढलीय की "मुरासले को मुकालमा बना दिया है", पत्राचं बोलणं करून टाकलंय. शेरांत एवढा अवघड माणूस पत्रात इतका सोपा. एक पत्र घेतलं.

१ मार्च

दोन रविवार आणि आजचा शनिवार एका परिच्छेदावर गेले. जपानी कवी बाशोचा प्रवास, हिराइझुमी. जपानी मला येत नाही. तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून मराठी केलं, त्यामुळे जे उरलंय ते तीन चाळण्यांतून आलेलं आहे.

प्रसंग असा. योशित्सुने हा सेनानी ११८९ मध्ये हिराइझुमीला घेरला गेला आणि तिथेच मेला. बाशो तिथे १६८९ मध्ये पोचला, बरोबर पाचशे वर्षांनी. किल्ल्याच्या जागी शेतं. तो गद्यात वर्णन करतो: दरवाजा कुठे होता, नदी कुठून वाहते, कोण कुठे लढलं. मग गद्य चालू असतानाच त्याला चिनी कवी तू फूच्या ओळी आठवतात. राज्य मोडलं, डोंगर-नद्या आहेत. शहरात वसंत. टोपी जमिनीवर पसरून तो बसतो आणि वेळेचं भान जाईतो रडतो. आणि मग हायकू:

उन्हाळी गवत, एवढंच उरलं शूरांच्या स्वप्नांमागे.

तू फूची मूळ कविता ७५७ मधली, बंडखोरांच्या ताब्यातल्या छांगआनमध्ये लिहिलेली. आठ ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरचिन्हं, एकूण चाळीस. चिनीत जुन्या काळी ती सलगच लिहायचे, विरामचिन्हांशिवाय. पाच-पाच मोजलं की आपोआप ओळी पडतात, त्यामुळे तोडायची गरज नाही. तू फू म्हणतो, शहरात वसंत आहे, झाडं-गवत दाट झालंय. बाशो आठवणीतून लिहितो तेव्हा झाडं गळतात, दाटपणा जातो आणि उरतं, गवत हिरवं झालंय. चुकला? मला नाही वाटत. त्याला पुढे हायकूत फक्त गवत हवं होतं. नऊशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या परक्या पद्याला त्याने आपल्या गद्यात घातलं, जरा वाकवलं आणि त्याचं टोक आपल्या पद्याला जोडलं. सांधा कुठे आहे ते बोटाने दाखवता येत नाही.

आणि हायकूच्या तीन ओळी? जपानीत तो साधारण एकाच उभ्या ओळीत लिहितात. पाच-सात-पाच कानाला कळतं. तीन ओळी आपल्याकडे भाषांतरांच्या वाटेने आल्या. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तोही तीन ओळींचाच, आणि आता तो तसाच आपला झाला आहे. तक्रार नाही, फक्त नोंद.

वरचं मराठी अजून नीट नाही. "एवढंच उरलं" हे मी घातलंय, मूळचं नाही. पण काढलं की वाक्य लंगडतं. ठेवलं.

७ मार्च

डीटीपीहून पानं आली आणि माझं डोकं फिरलं.

अकरा उतारे सलग दिले होते. वर ठळक लिहिलं होतं: ओळी तोडू नयेत. आलं काय, तर तुकोबांचा अभंग मधोमध, चार तुकड्यांत, वर-खाली वेलबुट्टी. ज्ञानेश्वरीची ओवी तशीच. भर्तृहरीचा श्लोक तसाच. सादीचं गद्यसुद्धा दोन ओळींत, मधोमध, फुलासकट! आणि गाथा, वचन, बाशो यांना सरळ गद्यासारखं सोडलेलं.

पोराला फोन लावला. म्हणाला, "ताई, कविता होत्या ना त्या? सलग बरं नाही दिसत. म्हणून चांगलं करून दिलं." रागावणार होते, तेवढ्यात लक्षात आलं. त्याला कुणी सांगितलं त्या कविता आहेत म्हणून?

८ मार्च

दुकानात जाऊन बसले. कसं ओळखलंस, विचारलं. त्याने पडद्यावर अभंग काढला आणि बोट ठेवलं.

सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां ॥

"हे बघा, विटेवरी, कटावरी. जुळतंय." बरोबर. मोठ्या अभंगात दुसरा आणि तिसरा चरण यमकाने जुळतो, अक्षरं सहा, सहा, सहा, चार. त्याला हे माहीत नाही, पण डोळ्याला दोन "वरी" दिसले. सादीत "हयात" आणि "ज़ात" दिसले म्हणून तेही मधोमध घेतलं. भाषा कुठली हे त्याने विचारलंसुद्धा नाही. गाथेत जुळणारं काही ठळक दिसलं नाही, म्हणून ती गद्य.

"आणि हे?" मी पानिपतची चिठ्ठी दाखवली. ती त्याने मधोमध घेतली होती, पण वेलबुट्टीशिवाय. जरा लाजून म्हणाला, "हे जुळत नाही. पण हे कुणी असंच बोलणार नाही ना, ताई."

माझ्या प्रयोगाचा पहिला निकाल दुकानात, पानाला दोनशे रुपये या बोलीवर लागला. सगळं परत सलग करून घेतलं. त्याला पटलेलं नाही हे तोंडावर दिसत होतं. जाता जाता सहज विचारलं, घरी कविता-बिविता कुणी म्हणतं का? आजी म्हणते, म्हणाला. तेलुगू. विड्या वळता वळता.

१५ मार्च

तालीम. ऊन आत्ताच सोसवत नाही, पंखे फुल्ल. अडचण वेगळीच निघाली: वाचणारा स्वतःच उत्तर फोडतो. पद्य माहीत असलं की आवाज आपोआप वर जातो, शेवटी लांबतो. तरुण वाचकांना सांगितलं, बातम्या वाचता तसं वाचा. भर्तृहरीचं "केयूराणि न भूषयन्ति पुरुषं" असं बातमीसारखं वाचायला घेतलं, तर तिसऱ्या शब्दाला मागून कुणीतरी "शुभमंगल सावधान" ओरडलं. शार्दूलविक्रीडित. मंगलाष्टकांनी हे वृत्त महाराष्ट्राच्या कानात असं पक्कं बसवलंय की लपवायची सोय नाही. बारा अक्षरांनंतर थांबा येतोच, वाचणारा कितीही रुक्ष असो. तो उतारा ठेवला, हसायला होईल म्हणून.

क्रिस्तपुराणातली "भासांमाजी चोखळा भाषा मराठी" ही ओवी गाळली. सगळ्यांना पाठ आहे. वाईट वाटलं, कारण इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सच्या कानाला चौथा चरण आखूड ठेवायचा हे किती अचूक कळलं होतं ते ऐकवायचं होतं.

२२ मार्च

कार्यक्रम झाला. खुर्च्या कमी पडल्या नाहीत, पण उरल्याही नाहीत.

चिठ्ठ्या आधी लिहून घेतल्या, मग चर्चा. लीळाचरित्र वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एक आजी "हे भारूड आहे" यावर ठाम होत्या. "सर्वज्ञें म्हणीतलें" आलं की त्या मान हलवत होत्या. वचन बाईंनी बातमीसारखं वाचायला सुरुवात केली, कूडलसंगमदेवापर्यंत आल्या आणि शेवटचं वाक्य सरळ गायल्या. थांबवायचं नाही असं ठरलंच होतं.

सरांनी गुलिस्तान वाचताना छातीवर हात ठेवला नाही, मी तसं बजावलं होतं. तरी सभागृह त्यांच्याबरोबर श्वास घेत होतं. ग़ालिबच्या पत्राला मात्र कुणी फसलं नाही. ऐकणारे मध्येच उत्तरं देत होते.

गाथेला एकानेही पद्य म्हटलं नाही असं वाटलं. मग अर्थ सांगितला, मात्रा फळ्यावर मांडल्या, अनुस्वाराची माझी फजितीही सांगितली. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे हे कानाला नाही, गणिताला पद्य आहे." तिला सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कानाला ते गणित नव्हतं, चाल होती. चाल हरवली, आकडे राहिले. हे बोलून मलाच जरा गलबलून आलं.

२४ मार्च

चिठ्ठ्या चाळल्या. पद्य म्हणून सर्वांत जास्त मतं अभंगाला, ते अपेक्षितच. दुसरा नंबर पानिपतच्या चिठ्ठीचा. ज्ञानेश्वरीच्याही वर! सावकारी पत्र लिहिणारा तो कोण होता त्याला हे कळवायची सोय नाही.

बाशोच्या उताऱ्याला बऱ्याच जणांनी "दोन्ही" लिहिलंय, असा पर्याय दिलेला नसताना. एका चिठ्ठीवर नुसतं "रडला तिथपासून पद्य". ही चिठ्ठी वहीत चिकटवली.

अध्यक्षांना निकालाचा तक्ता हवाय, वार्षिक अहवालात टाकायला. देते.

५ एप्रिल

डीटीपीच्या पोराच्या घरी. आजी ओट्यावर, मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं. हात थांबत नाहीत. तेलुगू कवी वेमनाची पद्यं त्यांना किती येतात ते त्यांनाच माहीत नाही. मोबाइल सुपाच्या काठाला टेकवून ठेवला.

उप्पु कप्पुरंबु नोक्क पोलिक नुंडु... मीठ आणि कापूर दिसायला सारखेच, चव बघत गेलं की वेगळे. नातवाने मराठी करून सांगितलं. प्रत्येक पद्याचा शेवट तोच, "विश्वदाभिराम विनुर वेम", आणि बरोबर तिथे एक विडी दोरा गुंडाळून सुपात पडते. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा.

अकरा पद्यं मिळाली. तिसऱ्यात मध्येच खोकला आहे, सातव्यात शेजारीण येऊन हळदीचा भाव विचारून गेली. तो म्हणाला, ताई, हे कापून साफ करून देतो. नको म्हटलं, तू नुसतं उतरवून दे, सलग.

रात्री फाइल आली. तेलुगूत आहे, मला वाचता येत नाही. पण एकही ओळ तोडलेली नाही, आणि खोकल्याच्या जागी त्याने कंसात काहीतरी लिहिलंय. उद्या विचारते.